मार्क ऐकताना

आमच्या धर्मग्रामात मी वीसहून अधिक वर्षे मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी वाचन करीत आले आहे. उच्चार स्वच्छ आहेत, मी अडखळत नाही, माइकवर टिचकी मारून तो सुरू आहे की नाही हे तपासत नाही, एवढ्या भांडवलावर चांगली वाचक म्हणून माझे नाव झाले होते. २०१८च्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मार्कच्या शुभवर्तमानातील येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचायचा होता आणि निवेदकाचे काम माझ्याकडे आले. तेही मी माझ्या समजुतीप्रमाणे नीट पार पाडले. दुपारी जेवायला बसल्यावर माझी आत्या, जिची नजर तेव्हाच बरीच मंदावली होती आणि जी आता खऱ्या अर्थाने मिस्सा ‘ऐकत’ असे, मला म्हणाली, "वाचलंस अगदी स्वच्छ गं. पण झालं काय, ते काही डोळ्यांपुढं आलं नाही." मला राग आला. बोलून काही दाखवला नाही, पण पुढची काही वर्षे तो गेला नाही हेही खरे.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कॅथलिक उपासनेत रविवारची शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधील पुस्तके, तीन वर्षांच्या चक्राने येतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहानाचा दुःखसहनाचा वृत्तांत उत्तम शुक्रवारी दरवर्षी असतोच. झावळ्यांच्या रविवारी त्या वर्षाच्या लेखकाने सांगितलेला हा वृत्तांत सलग वाचला जातो आणि तो वाटून घेतला जातो. येशूचे शब्द शक्यतो धर्मगुरू वाचतात. पेत्र, पिलात, महायाजक, महायाजकाची दासी यांची वाक्ये दुसरा वाचक घेतो. जमावाचे ओरडणे सगळ्या लोकांकडे असते. आणि उरलेले, म्हणजे जवळजवळ सगळेच, निवेदक वाचतो. छापील पानावर ती सरळसरळ नाटकाची संहिता दिसते. आम्ही मात्र ती सोसायटीच्या वार्षिक सभेतील इतिवृत्तासारखी वाचत आलो होतो. २०२१मध्ये मार्कची पाळी पुन्हा आली तेव्हा महासाथीमुळे चर्चमध्ये मोजकीच माणसे होती आणि सगळे उरकून घेतले गेले. त्यानंतरची पाळी २४ मार्च २०२४ला होती. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १४ फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात फादरांनी निवेदकाचे काम पुन्हा मला सांगितले. हाताशी साडेपाच आठवडे होते. या वेळी पुस्तक उघडण्याआधी आपण ते ऐकायचे, असे मी ठरवले.

सुरुवात डेव्हिड सुशेपासून झाली. अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो दूरचित्रवाणीवर पंचवीस वर्षे रंगवणारा हा नट मुळात लंडनच्या रंगभूमीवरचा, शेक्सपिअरच्या नाटकांत वाढलेला. १९८६मध्ये एका हॉटेलात बायबल वाचायला घेतले, पौलाचे रोमकरांस पत्र हाती आले आणि तिथून आपण श्रद्धेकडे वळलो, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. प्वारोच्या शेवटच्या भागांचे चित्रीकरण चालू असताना मधल्या वेळात त्याने दोनशेहून अधिक तास स्टुडिओत बसून संपूर्ण बायबल एकट्याने वाचून ध्वनिमुद्रित केले. ते २०१४मध्ये बाजारात आले. पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथिड्रलमध्ये त्याने मार्कचे शुभवर्तमान एका बैठकीत लोकांना वाचून दाखवले. मुलाने ते ध्वनिमुद्रण माझ्या मोबाइलवर घालून दिले आणि मी ते वसई रोड ते चर्चगेट अशा रोजच्या प्रवासात ऐकू लागले.

लोकलचा महिलांचा डबा ही काही धर्मग्रंथ ऐकण्याची जागा नव्हे, पण मार्कला ती जागा मानवते असे मला आढळले. वसईची खाडी ओलांडून गाडी भाईंदरला पोचते न पोचते तोच पहिला अध्याय संपला होता. तेवढ्या वेळात योहानाने यार्देन नदीत बाप्तिस्मा दिला, अरण्यातले चाळीस दिवस होऊन गेले, योहान तुरुंगात पडला, चार कोळी जाळी टाकून निघाले, सभास्थानात एक पछाडलेला माणूस ओरडला, शिमोनाच्या सासूचा ताप उतरला, संध्याकाळी अख्खे गाव दाराशी जमले, पहाटे येशू एकटाच निघून गेला, शोधून काढला गेला आणि एक कुष्ठरोगी बरा होऊन नको तिथे बोभाटा करीत सुटला. हे सगळे मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकलेले होते, एका रविवारी एक तुकडा, पुढे प्रवचन आणि मग आठ दिवसांची सुट्टी. सलग ऐकताना पहिल्यांदा जाणवली ती घाई. मूळ ग्रीकमध्ये मार्क ‘लगेच’ अशा अर्थाचा एकच शब्द चाळीसच्या घरात वापरतो, हे आम्हाला बायबल वर्गात शिकवले होते आणि मी ते वहीत उतरवूनही घेतले होते. पण वहीतली ती नोंद आणि त्या घाईत धापा टाकत मागे मागे जाणे यांत फार फरक आहे. आणि त्या चार कोळ्यांपैकी दोघे नावेत बसून जाळी दुरुस्त करीत होते, हे वाक्य कानात पडले तेव्हा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर सुई-दोरा घेऊन बसलेली माणसे मला दिसली. ती मी शेकडो वेळा पाहिली आहेत, पण नावेतल्या त्या दोघांशी, याकोब आणि त्याचा भाऊ योहान यांच्याशी, त्यांची गाठ मनात कधी पडली नव्हती.

सुशेचा आवाज भारदस्त आहे, पण मला भावले ते त्याचे भारदस्तपण आवरून धरणे. आपल्याकडे धर्मग्रंथ वाचायला उभे राहिले की माणूस आवाजाला इस्त्री करून घेतो. तो तसे करीत नाही. घडलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्याला ती अजून ठाऊक नाही, एवढेच धरून तो सांगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाहिले की बोरिवलीनंतर गर्दी वाढली तरी मी आवाज वाढवत नव्हते, कान पुढे करीत होते.

मग मागे मागे जात मी आणखी नट ऐकले. अलेक्झांडर स्कूर्बी या अमेरिकन नटाने १९४०च्या दशकात अंध श्रोत्यांच्या संस्थेसाठी १६११चे इंग्रजी बायबल, म्हणजे राजा जेम्सच्या काळातले, वाचून ध्वनिमुद्रित केले होते. हे काम ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी झाले, हे कळल्यावर मला आत्या आठवली. स्कूर्बी मात्र मला फार वेळ ऐकवला नाही. इतका सुंदर आवाज आहे की काही वेळाने नुसता आवाजच ऐकू येतो. त्याउलट ॲलेक मॅकावन. या इंग्रज नटाने त्याच १६११च्या भाषांतरातले मार्कचे संपूर्ण शुभवर्तमान तोंडपाठ केले, रोज थोड्या थोड्या ओळी घेत, वर्षाहून अधिक काळ खपून, आणि १९७८मध्ये लंडनच्या रंगभूमीवर एकट्याने सादर केले. त्याच वर्षी तो ते न्यूयॉर्कलाही घेऊन गेला. एक टेबल, खुर्च्या, प्यायला पाणी. बाकी नेपथ्य नाही, झगा नाही, दाढी नाही. लोक तिकीट काढून येत आणि मुख्य म्हणजे मध्ये मध्ये हसत. मला हे आधी खटकले. मार्कमध्ये हसण्यासारखे आहे काय? मग आठव्या अध्यायातली नावेतली जागा मी नीट ऐकली. चार हजार माणसांना सात भाकरींत जेवू घालून झाले आहे, टोपल्या भरून तुकडे उरले आहेत, आणि शिष्य नावेत बसून कुजबुजताहेत की आपण एकच भाकर आणली, आता कसे व्हायचे. येशू त्यांना एखाद्या त्रासलेल्या मास्तरांप्रमाणे उजळणी करायला लावतो: पाच हजारांच्या वेळी किती टोपल्या उरल्या? बारा. आणि चार हजारांच्या वेळी? सात. मग अजून कळत नाही? हे आम्ही चर्चमध्ये हात जोडून, खाली मान घालून ऐकत आलो आहोत.

त्या १६११च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘चर्चमध्ये वाचण्यासाठी नेमलेली’ अशा अर्थाचे शब्द छापले होते. तिला चारशे वर्षे झाली तेव्हा, २०११च्या पवित्र आठवड्यात, लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात नटांनी आळीपाळीने अख्खे बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढले. ते ऐकायला मी असते तर काय झाले असते हे सांगता येत नाही. बहुधा लेवीय पुस्तकाच्या आसपास मी चहा प्यायला बाहेर पडले असते.

नाट्यरूप बायबल मात्र मला मुळीच मानवले नाही. एका ध्वनिमुद्रणात वादळ म्हणजे खरोखर लाटांचा आवाज होता, गर्दी म्हणजे गलका होता, प्रत्येक पात्राला वेगळा नट होता आणि येशूच्या प्रत्येक वाक्याखाली व्हायोलिन. दहा मिनिटांत मी कंटाळले. मार्क चौथ्या अध्यायात सांगतो की नाव पाण्याने भरू लागली होती आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला होता. ही उशी फक्त मार्कलाच आठवते. एकट्या माणसाच्या तोंडून ती ऐकली की दिसते. लाटांच्या गडगडाटात ती वाहून गेली.

हे सगळे इंग्रजी झाले. मला वाचायचे होते मराठीत. मराठीतली काही ध्वनिमुद्रणे ऐकली, पण त्यांतून मला हवे होते ते मिळेना आणि शेवटी मी एका अशा गृहस्थांकडे गेले ज्यांना आमच्या भागातले हौशी रंगकर्मी काका म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. राज्य नाट्य स्पर्धेत तीसेक वर्षे काढलेली, मुंबईत प्रायोगिक रंगभूमीवर बरीच कामे केलेली, अलीकडे कथा-कादंबऱ्यांची अभिवाचने करतात. काका हिंदू आहेत आणि मार्क त्यांनी वाचलेला नव्हता. मी त्यांना विचारले की आमच्या सभागृहात आम्हा वाचकांना हे संपूर्ण वाचून दाखवाल का. त्यांनी पुस्तक मागितले. मी तीन भाषांतरे नेली होती. त्यांत पंडिता रमाबाईंचे, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४मध्ये प्रसिद्ध झालेले, आणि आमच्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला आहे, ते ‘सुबोध बायबल – नवा करार’, अशी दोन होती. काकांनी उभे राहून एकच उतारा तिन्हींतून मोठ्याने वाचला आणि अर्थाविषयी एक अक्षरही न बोलता म्हणाले, "माझ्या श्वासाला हे बरं पडेल," आणि दिब्रिटोंचे पुस्तक ठेवून घेतले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "हे कुणी लिहिलेलं नाही हो. हे कुणीतरी सांगितलंय आणि दुसऱ्यानं घाईघाईनं उतरवून घेतलंय." दुसऱ्या शतकातील पापियास नावाच्या बिशपांनी नेमके हेच नोंदवून ठेवले आहे, की मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता आणि पेत्राने सांगितलेले जेवढे आठवले तेवढे त्याने लिहिले, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते नुसते ‘असणारच’ म्हणाले.

वाचन झाले ते शनिवारी, ९ मार्चला, संध्याकाळी सहाला. आदल्या दिवशी महाशिवरात्र होती आणि काकांचा उपवास सुटून जेमतेम काही तास झाले होते. आम्ही चाळीसेक जण होतो: वाचक, गायकवृंदातली काही मुले, आत्यासारख्या म्हाताऱ्या बायका आणि मागच्या रांगेत फादर. काकांनी माइक नाकारला आणि पंखे बंद करायला लावले. मार्च महिना, पत्र्याचे छप्पर. पहिली पाच मिनिटे सगळे हातातल्या कागदांनी वारा घेत होते आणि त्यानंतर कधीतरी ते कागद थांबले.

त्यांनी आवाज बदलले नाहीत. येशूचा वेगळा, पेत्राचा वेगळा, असे काही नाही. ते बदलत होते ते अंतर. बोलणारा ज्याच्याशी बोलतो आहे तो किती लांब आहे, एवढेच त्यांच्या आवाजातून कळे. पाचव्या अध्यायात याइराची मुलगी मरण पावलेली आहे, घरात रडारड आहे, येशू सगळ्यांना बाहेर काढतो, तिचा हात धरतो आणि ‘तलीथा कूम’ म्हणतो. हे अरामी शब्द मी आजवर मंत्रासारखे, ठासून वाचले होते. काकांनी ते असे म्हटले की जणू सकाळी शाळेला उशीर होतोय म्हणून पोरीला उठवायचे आहे, पण दचकवायचे नाही. आणि तिला काहीतरी खायला द्या, हे शेवटचे वाक्य इतक्या साध्या घरगुती सुरात आले की बायकांमध्ये एक बारीक हसू पसरले. त्याच अध्यायातली दुसरी एक गोष्ट मला डोळ्यांनी वाचताना कधी दिसली नव्हती. रक्तस्रावाने पीडलेली बाई बारा वर्षे आजारी आहे. याइराची मुलगी बारा वर्षांची आहे. दोन्ही आकडे पानावर पंधरा-सतरा वचनांच्या अंतरावर आहेत. ऐकताना दुसरे ‘बारा वर्षे’ आले आणि माझ्या शेजारची शिक्षिका खुर्चीत सरळ झाली. एकीच्या जन्मापासून दुसरी झिजते आहे, हे तिलाही त्या क्षणी उमगले असावे.

नावेतल्या त्या एका भाकरीपाशी काका किंचित थांबले आणि सभागृह हसले. चाळीस माणसे, त्यांत दोन सिस्टर आणि खुद्द फादर, धर्मग्रंथ ऐकताना मोठ्याने हसत आहेत हे मी पहिल्यांदा पाहिले. दहाव्या अध्यायापर्यंत काका बसून वाचत होते. आंधळा बार्तिमय अंगावरचा झगा टाकून उठतो आणि येशूकडे येतो, तिथे ते उभे राहिले आणि मग शेवटपर्यंत बसले नाहीत. यरुशलेमेत प्रवेश झाल्यावर वेग उतरला. पहिल्या दहा अध्यायांत महिनेच्या महिने धावत गेले, आता सहा अध्यायांत एक आठवडा. पुढे तर तास मोजले जातात: तिसरा तास, सहावा तास, नववा तास. ही रचना टीपांमध्ये वाचून मला माहीत होती. पण वेग कमी झाला की भीती वाटू लागते, हे टीपांत नव्हते.

शेवटाबद्दल आमचे आधी बोलणे झाले होते. सर्वांत जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी संपतो. पुढची बारा वचने नंतर जोडली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि चर्च ती पवित्र ग्रंथाचा भागच मानते. आठव्या वचनात स्त्रिया कबरेपासून थरथरत पळतात आणि कोणालाही काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या असतात. हे कळल्यावर काकांचे डोळे चमकले होते. "मग इथेच पडदा," ते म्हणाले होते. त्या संध्याकाळी त्यांनी तसेच केले. स्त्रिया घाबरल्या होत्या, एवढे सांगून पुस्तक मिटले आणि हात मांडीवर न ठेवता तसेच लोंबकळू दिले. कोणाला कळेना की संपले आहे. टाळ्या नाहीत, ‘हे ख्रिस्ता, तुझी स्तुती असो’ नाही. बाहेरून रिक्षा गेली. मग पहिल्या रांगेतून आत्याच म्हणाली, "आणि पुढं? उठला ना तो?" काकांनी मागे फादरांकडे पाहिले. फादरांनी मान हलवली. काकांनी पुस्तक पुन्हा उघडले आणि उरलेली बारा वचने खाली बसून, अगदी शांतपणे, फक्त आत्यासाठी वाचल्यासारखी वाचली. नट म्हणून त्यांना तो शेवट मोडावा लागला याचे त्यांना वाईट वाटले का, हे मी नंतर विचारले. ते म्हणाले, "माझी आई पोथी वाचायची. फलश्रुती वाचल्याशिवाय बायका उठत नसत."

यावरून मला एक विषयांतर करावेसे वाटते. धर्मग्रंथ मोठ्याने, लोकांसाठी, रसाळपणे वाचणे ही आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना बाहेरून शिकण्याची गोष्ट नव्हतीच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले आणि पुढे कितीतरी पिढ्या ते तिकडच्या चर्चमधून लोकांना वाचून दाखवले जाई. पुराण सांगायचे तर ते ओवीत आणि ऐकण्यासाठी, हे त्या परदेशी माणसाला कळले होते. नारायण वामन टिळकांनी कीर्तनाची आणि भजनाची वाट धरली तीही याच समजुतीने. मग आमच्या वाचनात हा इतिवृत्ताचा सूर कुठून आला? माझा तर्क असा की १९६०च्या दशकात उपासना लॅटिनमधून मराठीत आली तेव्हा शब्द बदलले आणि सूर राहून गेला. लॅटिन कोणाला समजत नसे, त्यामुळे ती एका पट्टीत म्हटली तरी चालत असे. आम्ही समजणारी भाषा न समजणाऱ्या भाषेच्या चालीवर वाचत राहिलो.

त्यानंतर काकांनी आमच्या चार तालमी घेतल्या. पहिल्या तालमीत त्यांनी माझ्याकडून दीड पान वाचून घेतले आणि एकच दोष काढला, पण तो असा की बाकी काही सांगायची गरज उरली नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजी नट वाक्याच्या सुरुवातीलाच क्रियापदावर येतो आणि मग निवांत उतरतो. आपल्याला मात्र घडलेली गोष्ट अगदी टोकाला सांगायची असते आणि नेमका तिथेच वाचकाचा श्वास संपलेला असतो, आवाज पडलेला असतो. मी वाचत होते ते समोरच्याला असे ऐकू जात होते: सर्व जण त्याला सोडून, आणि मग पुटपुट. पेत्र बाहेर देवडीवर, आणि मग पुटपुट. कोणी काय केले तेवढे वगळून मी सगळे स्पष्ट उच्चारत होते. आत्याच्या डोळ्यांपुढे काही आले नव्हते ते यामुळेच. काकांनी मला वाक्य उलटे म्हणायला लावले: पळून गेले, सोडून पळून गेले, त्याला सोडून पळून गेले, सर्व जण त्याला सोडून पळून गेले. एक संध्याकाळ फक्त क्रियापदांवर गेली. ‘मग’ आणि ‘तेव्हा’ हे शब्द मी भरताड समजून गिळत होते, त्यांनाही त्यांनी जागा दिली.

गेथशेमाने बागेत, सगळे पळाल्यावर, मार्क एक विचित्र प्रसंग सांगतो जो दुसऱ्या कोणाकडेही नाही. एक तरुण उघड्या अंगावर तागाची चादर लपेटून येशूच्या मागून चालत असतो. शिपाई त्याला पकडतात, आणि तो चादर त्यांच्या हातात सोडून उघडाच पळून जातो. बस, दोन वचने. मी ती दर वेळी ओशाळून, भराभर उरकत असे. काका म्हणाले, "दोन ओळींचा माणूस आहे. त्याला येऊ द्या, दिसू द्या, मग जाऊ द्या."

जमावाच्या वाक्यांबद्दल माझी आणि त्यांची मते जुळली नाहीत. ‘त्याला क्रुसावर खिळा’ हे वाक्य आमच्याकडे लोक पत्रकावरून रडतखडत, एका झोपाळू लयीत म्हणतात. ते जोरात व्हावे म्हणून गायकवृंदाला पुढे बसवावे असा माझा बेत होता. काकांना ती झोपाळू लयच हवी होती. त्यांच्या मते इतक्या सवयीने म्हटलेले ते वाक्य ओरडण्यापेक्षा जास्त अंगावर येते. फादर त्यांच्या बाजूने गेले. मला ते अजूनही पूर्ण पटलेले नाही.

२४ मार्चला सकाळी झावळ्यांची मिरवणूक होऊन आम्ही आत आलो तेव्हा कळले की दुसऱ्या वाचकाचा माइक बंद पडला आहे. त्यामुळे तो आणि मी एकाच माइकसमोर उभे राहिलो आणि प्रत्येक वेळी एकाला बाजूला व्हावे लागू लागले. तालमीत बसवलेले अर्धे विराम त्या सरकासरकीत विस्कटले; पण दासी पेत्राला ओळखते तिथे माझे बाजूला होणे आणि त्याचे पुढे येणे आपोआपच बरे दिसले असावे. येशूने प्राण सोडला हे वाक्य आले की सगळे गुडघे टेकतात आणि थोडा वेळ शांतता पाळतात. पूर्वी मी मनात दहा आकडे मोजत असे, बाके वाजायची थांबायच्या आतच ते संपत. काकांनी सांगितले होते की आवाज पूर्ण थांबू द्या आणि मग चार श्वास घ्या. दुसऱ्या श्वासाला कोणीतरी खोकले. तिसऱ्याला एक लहान मूल स्पष्टपणे म्हणाले, "संपलं?" चौथा श्वास घेऊन मी मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला हे वाक्य वाचले, आणि ‘फाटला’ हा शब्द मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलेला मला ऐकू आला.

दुपारी जेवताना आत्या बराच वेळ गप्प होती. मीही विचारले नाही. ताकाचा पेला हातात घेऊन ती म्हणाली, "तो चादर टाकून पळाला, तो पोरगा कोण गं?"

मी सांगितले की कोणालाच ठाऊक नाही. तो मार्क स्वतःच असावा असे काही लोक म्हणतात.

"इतकी वर्षं मिस्सा ऐकते," आत्या म्हणाली, "हा कधी आला नव्हता."